एका डझनामागे वेबसाइट कितीला पडते? देवगडातल्या एका बागायतदाराचे प्रकरण

जूनचा पहिला आठवडा होता. बाग उतरून झाली होती, उरलेसुरले फळ कॅनिंगच्या टेम्पोत चढले होते आणि पाऊस दोन-चार दिवसांवर आला होता. देवगड तालुक्यातल्या त्या घराच्या ओटीवर झोपाळ्यावर तीन कोटेशने ठेवलेली. एक २८ हजारांचे, दुसरे सव्वा लाखाचे, तिसरे तीन लाख चाळीस हजारांचे. तिन्हींच्या पहिल्या पानावर शब्द मात्र सारखेच होते : ऑनलाइन विक्रीसाठी संपूर्ण वेबसाइट.

घरातले कर्ते बागायतदार आबा. त्यांनी मधले कोटेशन उचलले, चष्मा कपाळावर सरकवला आणि मला विचारले, "वेबसाइट म्हणजे पाटीच मां? हेका सवा लाख कित्याक?"

मी वेबसाइट बनवत नाही. नोकरीत बरीच वर्षे कंपनीसाठी सॉफ्टवेअर विकत घेण्याचे काम केले, त्यामुळे कोटेशन वाचता येते एवढीच माझी पात्रता. आता गावाकडे असतो आणि ओळखीपाळखीत कुणी विचारले तर वाचून देतो. या घराचे नाव-गाव सांगत नाही, पण हिशोब सगळा मांडतो. आमच्याकडे दर उन्हाळ्यात चार-पाच घरी हाच प्रश्न निघतो आणि उत्तर बहुधा अंदाजपंचे दिले जाते.

आबांचा संशय उगाच नव्हता. चार वर्षांपूर्वी १५ हजार देऊन त्यांनी एक वेबसाइट करून घेतली होती. बनवणाऱ्या मुलाने डोमेन, म्हणजे वेबसाइटचे नाव-पत्ता, स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घेतले. पुढे तो बंगळूरला गेला, फोन लागेनासा झाला आणि नूतनीकरणाची आठवण करून देणारी पत्रे त्याच्याच ईमेलवर जात राहिली. नाव सुटले. ते पुढे कुणीतरी उचलले आणि बागेच्या नावाखाली पत्त्यांच्या जुगाराची जाहिरात दिसू लागली. खोक्यांवर मात्र तोच पत्ता छापलेला. शिल्लक राहिलेल्या तीनशे खोक्यांवर वहिनींनी हाताने पांढऱ्या पट्ट्या चिकटवल्या. त्या पट्ट्यांचा खर्च कोणत्याच कोटेशनमध्ये नव्हता.

वही

कोटेशने बाजूला ठेवून मी आधी वही मागितली. आबांची सून, म्हणजे वहिनी, घरपोच विक्रीची वही ठेवतात. व्हॉट्सॲपवर आलेली प्रत्येक ऑर्डर त्यात लिहिलेली : नाव, किती डझन, पैसे आले की नाहीत, कुठले फळ खराब निघाले, बदलून दिले की नाही. शेवटचा रकाना फार मोलाचा. बऱ्याच घरांत तो नसतो.

मागच्या हंगामात ६४० ऑर्डरी घरपोच गेल्या होत्या. सरासरी ऑर्डर दोन डझनांची, १,९०० रुपयांची. म्हणजे डझनाला ९५० रुपये. त्यातून खोका आणि पेंढा ६० रुपये, पोहोचवणावळ १२०, बदलून दिलेल्या फळाचा भार ४०. हाती उरतात ७३०. तेच फळ वाशीच्या घाऊक बाजारात पाठवले, तर दलालाची हिशोबाची पट्टी आल्यावर हमाली, भाडे, अडत वजा जाता डझनामागे सरासरी ४५० रुपये पडले होते. फरक २८० रुपयांचा. दोन डझनांच्या ऑर्डरीमागे ५६०.

वेबसाइटने कमवायचे ते या ५६० मधूनच. बाकीचे पैसे वाशीनेही दिले असते. हे आबांना एका वाक्यात पटले, त्यांच्या मुलाला पटवायला संध्याकाळ गेली. त्याच्या डोक्यात १,९०० गुणिले ऑर्डरी असा गुणाकार चालू होता. कोटेशन देणारे हाच गुणाकार करून दाखवतात, त्यामुळे त्यालाही दोष देत नाही.

आता ५६० मधून पेमेंट गेटवेचे, म्हणजे ऑनलाइन पैसे घेऊन आपल्या खात्यात जमा करणाऱ्या कंपनीचे, जातात. रुढ दर २ टक्के, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २.३६ टक्के. १,९०० रुपयांवर ४५ रुपये. यूपीआयवर दुकानदाराला आकार नाही हे जानेवारी २०२० पासून खरे आहे, पण गेटवेवाली कंपनी आपल्या सेवेचे म्हणून जे घेते ते वेगळे, आणि ते बहुतेक वेळा द्यावेच लागते. उरले ५१५.

पुढचा प्रश्न : अशा नव्या ऑर्डरी किती? मुलगा म्हणाला, हजार. वहिनी म्हणाल्या, "भरणार कोण?" हंगाम घरपोच विक्रीपुरता ४५ दिवसांचा धरा. दिवसाला पंचवीस ऑर्डरींच्या वर खोकी भरणे, आढीतले, म्हणजे पेंढ्यात पिकायला ठेवलेले, फळ रोज परतून तयार झालेले निवडणे आणि संध्याकाळच्या गाडीला माल देणे त्यांच्या मनुष्यबळात बसत नाही. सध्या रोज चौदा जातात. म्हणजे पोटात जागा फार तर दिवसाला अकरांची, तीही सगळ्या दिवशी भरणार नाही. आम्ही पहिल्या वर्षी १००, दुसऱ्या वर्षी २००, तिसऱ्या वर्षी २५० असे धरले. तीन वर्षांत ५५० ऑर्डरी, गुणिले ५१५, म्हणजे २ लाख ८३ हजार.

त्याच्या निम्मे पणाला लावायचे, असे आबांनी ठरवले. हा आकडा कोणत्याही शास्त्रातून आलेला नाही. आंब्याच्या धंद्यात एक वर्ष मोहोर जळतो, एक वर्ष थ्रिप्स ही कीड येते, हे चाळीस वर्षे पाहिलेल्या माणसाचा तो निम्मा होता. तीन वर्षांसाठी, सगळे धरून, १ लाख ४० हजार. कोटेशने आम्ही त्यानंतर उघडली.

कोटेशनच्या पाठीमागे

तीन लाख चाळीस हजारांचे कोटेशन मुंबईचे होते. त्यात मोबाइल ॲप होते, बागेवरची चित्रफीत होती, 'ब्रँडची गोष्ट' होती. ४५ दिवसांच्या मालासाठी लोक ॲप उतरवून घेतील आणि उरलेले ३२० दिवस फोनमध्ये ठेवतील, असे मानणाऱ्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. ते मिटवले.

सव्वा लाखाचे पुण्याचे. काम नीट करणारी मंडळी होती, हे त्यांच्या जुन्या कामांवरून कळत होते. खाली बारीक अक्षरात 'जीएसटी अतिरिक्त'. १ लाख २५ हजारांवर १८ टक्के, म्हणजे १ लाख ४७ हजार ५००. नोंदणीकृत व्यापाऱ्याला हा १८ टक्के आपल्या विक्रीवरच्या करातून वळता करून घेता येतो. ताज्या आंब्यावर मात्र जीएसटीच नाही, त्यामुळे वळता करायला समोर काही नाही. बागायतदारासाठी तो सरळ खर्च. शेतीच्या उत्पन्नावर आयकरही नाही, म्हणून खर्च दाखवून तिकडे काही वाचेल हाही मार्ग बंद. शहरातला सीए मित्र "खर्चात टाका" म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यासमोर दुसराच धंदा असतो.

त्याच कोटेशनमध्ये दुसऱ्या वर्षापासून देखभाल १८ हजार, अधिक जीएसटी, म्हणजे वर्षाला २१,२४०. दोन वर्षांचे ४२,४८०. तीन वर्षांची बेरीज १ लाख ८९ हजार ९८०, आणि यात फोटो नाहीत, मजकूर नाही, जाहिरात नाही. ब्राउझरमधल्या कुलपाचे, म्हणजे एसएसएल प्रमाणपत्राचे, सव्वा लाखातच साडेचार हजार लावलेले. लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा व्यवस्था तेच प्रमाणपत्र फुकट देते आणि बहुतेक होस्टिंगवाले, म्हणजे साइट ठेवायला इंटरनेटवर जागा भाड्याने देणारे, ते आपोआप बसवतात. ही ओळ दिसली की मी बाकीच्या ओळी दुप्पट लक्ष देऊन वाचतो.

राहिले २८ हजारांचे. कोल्हापूरचा एकटाच काम करणारा मुलगा. 'पाच पाने, डोमेन-होस्टिंग एक वर्ष मोफत, अमर्याद उत्पादने.' अमर्याद उत्पादनांचे इथे काय करायचे? उत्पादन एकच, त्याचे आकार तीन. आणि जे हवे ते कुठेच नव्हते. फोन करून विचारले : "पिनकोड बघून ऑर्डर नाकारता येईल का? दिवसाला पंचवीसच्या पुढे ऑर्डर आपोआप थांबेल का? सगळ्या ऑर्डरी एक्सेलमध्ये रोज काढता येतील का?" तो प्रामाणिकपणे म्हणाला, "काका, हे कुणी सांगितलंच नव्हतं."

खरेच कुणी सांगितले नव्हते. तिघांनाही आबांच्या मुलाने व्हॉट्सॲपवर एकच ओळ पाठवली होती : 'आंब्याची वेबसाइट करायची आहे, किती होतील?' त्या ओळीला तीन माणसांनी तीन वेगळ्या वस्तूंचे भाव कळवले होते. भावांत बारा पटींचा फरक त्यामुळे.

मग आम्ही तिघांनी, म्हणजे मुलगा, वहिनी आणि मी, दोन दिवस बसून काय हवे ते दीड पानात लिहिले. पिनकोडवरच निम्मा दिवस गेला. मुंबईत माल रात्रीच्या गाडीने उतरतो आणि तिथला एक पोरगा घरोघर देतो. तो ठाण्याला जातो, नवी मुंबईला जात नाही. '४०० ने सुरू होणारे पिन चालतील' असे लिहिले, तर तिन्हीकडच्या ऑर्डरी आल्या असत्या, कारण ठाणे आणि नवी मुंबईचे पिनही ४०० नेच सुरू होतात. शेवटी त्या पोराला फोनवर घेऊन वहिनींनी ११२ पिनकोड एकेक करून वहीत उतरवले. पिनकोडची ही सहा आकड्यांची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली, आणि ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यातले अधिकारी, संस्कृतचे कवी. आबांना हे सांगितले तेव्हा ते पहिल्यांदा वेबसाइटच्या विषयात खुलले.

या दीड पानावर कोल्हापूरच्या मुलाने नवा भाव दिला : ४६ हजार. म्हणजे सर्वांत स्वस्त माणसाला आम्ही १८ हजार वाढवून दिले. घरात थोडी कुरबुर झाली. पण आधीच्या २८ हजारांत जे मिळणार होते ते या धंद्याच्या कामाचे नव्हतेच. पुण्याच्या मंडळींनाही तेच दीड पान पाठवले. त्यांनी १ लाख १० हजारांपर्यंत खाली येऊन हात जोडले. त्यांच्या पगारांच्या हिशोबात ते बरोबरच होते.

वर्डप्रेस हे वेबसाइट बनवण्याचे सॉफ्टवेअर आणि वूकॉमर्स ही त्याची दुकानाची जोड, यांवर काम करायचे ठरले. दोन्ही फुकट आहेत आणि उद्या हा मुलगाही बंगळूरला गेला, तर दुसरा कुणी ते उघडून बसू शकतो. शॉपिफाय या तयार ऑनलाइन दुकान भाड्याने देणाऱ्या सेवेचाही विचार झाला होता. तिथे उभारणीचा खर्च कमी, पण महिन्याचे भाडे बाराही महिने, आणि भारतात त्यांचा स्वतःचा गेटवे नसल्यामुळे बाहेरचा वापरला की प्राथमिक प्लॅनवर दर ऑर्डरीमागे त्यांचे २ टक्के वेगळे. वर्षभर विकणाऱ्याला ते परवडेल. दीड महिन्याच्या मालाला बारा महिन्यांचे गाळाभाडे नको, एवढ्यावर तो विषय संपला.

करारपत्र एका पानाचे केले. डोमेन आबांच्या नावावर, त्यांच्या मुलाच्या ईमेलवर, वहिनींच्या मोबाइलवर, आणि तीन वर्षांचे पैसे एकदम भरून. हप्ते चार : सुरुवातीला २० टक्के, चाचणीची साइट दिसली की ३०, पहिली खरी ऑर्डर पैशासकट पार पडली की ३०, आणि शेवटचे २० हंगाम संपल्यावर. या शेवटच्या हप्त्यावर तो मुलगा अडून बसला होता. त्याचेही खरे, जूनपर्यंत पैसे अडकून राहतात. म्हणून पहिले वर्ष देखभालीचे वेगळे काही न देता हा हप्ताच देखभालीची हमी धरला.

आणखी एक कलम मी आग्रहाने घातले. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे बाहेरच्या माणसाने लिहिलेल्या कोडचा पहिला मालक सहसा तोच असतो. हक्क लेखी सोपवावे लागतात, आणि लेखी सोपवताना मुदत लिहिली नाही, तर कायदा ती ५ वर्षे धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. पैसे दिले म्हणजे माल आपला, हे आंब्याला लागू आहे, कोडला नाही. एका वाक्याचे काम, खर्च शून्य.

अंदाजपत्रक असे झाले. उभारणी ४६ हजार. फोटो ९ हजार. मजकूर टंकणे आणि इंग्रजी करणे ५ हजार. डोमेन तीन वर्षांचे २,७००. होस्टिंग वर्षाला ६ हजारांप्रमाणे १८ हजार. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची देखभाल २४ हजार. जाहिरात दर हंगामाला ५ हजार, म्हणजे १५ हजार. आणि राखीव २० हजार. एकूण १ लाख ३९ हजार ७००.

राखीव रकमेवर आबांच्या मुलाचा आक्षेप होता : "कशासाठी ते माहीत नाही आणि २० हजार?" आबांनीच उत्तर दिले. फवारणीचा खर्च काढताना एक जादा फवारणी नेहमी धरतात, ती कशासाठी ते जानेवारीत कळते.

पंचांग

कामाचे वेळापत्रक आम्ही उलटे लावले. फळ मार्चमध्ये. ऑर्डर घेणे फेब्रुवारीच्या शेवटी. त्याआधी पंधरा दिवस चाचणी. त्याआधी गेटवे. मागे जाता जाता ऑक्टोबरपर्यंत आलो, कारण गणपती ते दसरा कोकणात कुणी कुणाचा मेल उघडत नाही. कोल्हापूरच्या मुलाला सहा आठवडे पुरे होते. आम्ही चार महिने दिले आणि ते सगळे लागले.

वेळ खाल्ला तो अशा गोष्टींनी, ज्यांना पैसे पडत नाहीत. गेटवेचा अर्ज १९ दिवस अडकला. 'आमचा पत्ता' या पानावर बागेचा पत्ता आणि बँकेत घराचा. शिवाय परताव्याचे नियम, गोपनीयता, पोहोच यांची पाने साइटवर दिसल्याशिवाय ते मंजुरी देत नाहीत. ई-व्यापारासाठीचे २०२० चे ग्राहक संरक्षण नियमही आहेतच : विक्रेत्याचे नाव-पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव साइटवर पाहिजे, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निपटारा एका महिन्यात. अधिकारी कोण? घरात एकमताने वहिनींची नेमणूक झाली. आंबे बदलून देण्याचे काम त्या तशाही करतच होत्या. आता हुद्दा मिळाला. पगार नाही, असे त्यांनीच सांगून टाकले.

मजकुराची गंमत वेगळी. घराकडे एक सुंदर माहितीपत्रक होते, छापखान्यातून श्रीलिपी या जुन्या मराठी टंकन-सॉफ्टवेअरमध्ये जुळवलेले. ती फाइल वेबसाइटवर टाकली की सगळी अक्षरे चिन्हांचा चिवडा होऊन येतात, कारण ते युनिकोड, म्हणजे सगळ्या यंत्रांना सारखी कळणारी अक्षरपद्धत, नव्हे. सगळे पुन्हा टंकावे लागले. पाच हजारांपैकी दोन हजार यातच गेले. अक्षरवळण म्हणून एक टाइप या मुंबईच्या मंडळींचा मुक्त हा फाँट घेतला, तो फुकट आहे आणि साध्या फोनवरही जोडाक्षरे नीट दिसतात. 'हापूस'ला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याखाली या बागेची नोंद आधीपासूनच होती. ते प्रमाणपत्र पहिल्या पानावर लावले. यालाही खर्च नाही, आणि मला विचाराल तर अख्ख्या साइटवरची सर्वांत कमावती जागा तीच.

आबांच्या मुलाला '.भारत' चे देवनागरी नाव हवे होते. २०१४ पासून तशी नावे मिळतात. घ्यायला हरकत नाही, पण ग्राहकाला फोनवर ते सांगून बघा. आम्ही '.इन' घेतले.

आता माझी चूक. फोटोंचे ९ हजार धरले, फोटोग्राफर जानेवारीत ठरवला. तो कॅमेरा घेऊन बागेत आला आणि त्याने विचारले, "आंबे कुठे आहेत?"

झाडावर मोहोर आणि वाटाण्याएवढी कैरी. पिवळा, तयार हापूस जानेवारीत कुठून येणार? माझ्या इतक्या वर्षांच्या अनुभवात उत्पादन नेहमी गोदामात असायचे. कोल्हापूरच्या मुलाने तात्पुरते म्हणून बाजारात मिळणारे तयार फोटो लावले, त्यात लालसर गालांचा कुठलातरी परदेशी आंबा. आबा ते बघून बराच वेळ काही बोलले नाहीत. शेवटी वहिनींच्या फोनमधले मागच्या मे महिन्यातले फोटो वापरले. बाग, घर, आढी यांचे फोटो जानेवारीत झाले, फळाचे एप्रिलमध्ये परत बोलावून काढले. ५,५०० जादा. फोटो मे महिन्यातच काढून ठेवायला हवे होते, वेबसाइटचा विषयही निघण्याआधी.

हंगाम

त्या वर्षी पहिला मोहोर अवकाळी पावसाने गळला. फळ वीस दिवस मागे गेले. फेब्रुवारीच्या शेवटी सुरू झालेल्या साइटवर मात्र लोक तारखा निवडून पैसे भरत होते. दिवसाला पंचवीसची मर्यादा चोख चालत होती, पण मार्चच्या ज्या तारखांना फळच नाही त्या तारखांच्या ऑर्डरी पुढे ढकलायची सोय आमच्या दीड पानात नव्हती. फोनवर ऑर्डर घेताना वहिनी हे सहज करत : "पाडव्याऐवजी रामनवमीला चालेल ना?" ही गोष्ट त्या इतक्या सहज करत आल्या होत्या की कामाची यादी करताना ती त्यांना काम वाटलीच नाही.

राखीव पैशातून ६,५०० देऊन तारीख बदलण्याची सोय चार दिवसांत करून घेतली. ग्राहकाला एक दुवा जातो, तो नवी तारीख निवडतो किंवा पैसे परत मागतो. ३७ जणांनी परत मागितले. पैसे परत गेले, गेटवेने कापलेले मात्र परत येत नाहीत. ७०,३०० रुपयांवर २.३६ टक्के, म्हणजे १,६५९ रुपये. रक्कम मोठी नाही, पण ज्या मालावर एक पै कमावली नाही त्यावर दिलेले पैसे घरात जास्त बोचतात.

दुसरी गोष्ट मला हंगाम संपेपर्यंत दिसली नाही. साइटवरून २२३ ऑर्डरी पार पडल्या, तेव्हा आबांचा मुलगा खूश. वहिनींनी वहीशी ताडून पाहिले. त्यातले १४० जुने ग्राहक. पूर्वी व्हॉट्सॲपवर सांगून यूपीआयने थेट पैसे पाठवणारे, एक पैसाही न कापता. आता तेच साइटवरून घेतात आणि प्रत्येकाच्या मागे ४५ रुपये गेटवेला. सुमारे ६,३०० रुपये. माझ्या हिशोबात हा रकानाच नव्हता. मी साइटवरची प्रत्येक ऑर्डर नवी धरून चाललो होतो.

खरोखर नवे ग्राहक ८३.

त्यावरचा फायदाही ५१५ चा राहिला नाही. फळ कमी आले की वाशीचा भाव चढतो. थेट विक्रीचा भाव त्या प्रमाणात चढवता येत नाही, वर्षानुवर्षांचे ग्राहक असतात. डझनामागचा फरक २८० वरून २१० वर आला. ऑर्डरीमागे ४२० वजा ४५, म्हणजे ३७५. ८३ गुणिले ३७५ बरोबर ३१,१२५. त्यातून जुन्या ग्राहकांपायी गेलेले ६,३०० वजा केले की २४,८०० च्या आसपास. समोर खर्च : उभारणी ४६ हजार, फोटो १४,५००, मजकूर ५ हजार, डोमेन २,७००, वर्षाचे होस्टिंग ६ हजार, जाहिरात ५ हजार, तारीख बदलण्याची सोय ६,५००, परताव्यात गेलेले १,६५९. एकूण ८७,३५९. राखीव पैशांतले उरले ६,३४१.

एका वर्षाच्या वहीवरून २८० रुपये धरण्याऐवजी मी मागच्या तीन वह्या मागायला हव्या होत्या. त्या माळ्यावर होत्या, जूनमध्ये आबांनी सांगितलेही होते. घाई माझी.

एक जमेची बाजू रुपयांत मांडता आलेली नाही. पूर्वी एप्रिलमध्ये वहिनींचा फोन रात्री साडेअकरापर्यंत वाजायचा : पैसे पाठवले, मिळाले का, पत्ता परत सांगू का, उद्या येईल का. जे १४० जण साइटवर आले त्यांचे हे प्रश्न संपले. मुलाने हिशोबाच्या कागदावर त्यासाठी एक ओळ घातली आणि आकड्याची जागा मोकळी ठेवली. ती अजून मोकळीच आहे. ऑर्डरीमागे ४५ रुपये ही त्याची किंमत म्हणावी का, यावर घरात दोन मते आहेत, आणि वहिनींचे मत स्पष्ट आहे.

पुढच्या वर्षासाठी तीन बदल ठरले. जुन्या ग्राहकांना साइटवर ऑर्डर देता येईल, पण पैसे थेट यूपीआयने पाठवण्याचा पर्याय दिसेल. त्यांची जुळणी वहिनी हाताने करतील, रोज पाचसहाच असतात. मार्चच्या तारखा फळ धरल्यावरच उघडायच्या. आणि जाहिरातीचे ५ हजार सगळे एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात, जेव्हा फळ भरपूर आणि वाशीचा भाव उतरलेला असतो, तेव्हाच खर्चायचे. पहिल्या वर्षी ते मार्चमध्ये उडवले होते, जेव्हा विकायला काही नव्हते.

जूनमध्ये हा सगळा हिशोब ओटीवर वाचून दाखवला. कोल्हापूरच्या मुलाचा शेवटचा हप्ता, ९,२०० रुपये, त्याच दिवशी पाठवला. त्याने उत्तरात नवे कोटेशन धाडले होते, काजूगर आणि आमसुले साइटवर चढवण्याचे. मुलगा ते उघडणार तेवढ्यात आबांनी वहिनींना हाक मारली, "काजीची वही आसा मां तुझ्याकडे?"

नव्हती. वहिनींनी आतून एक कोरी वही आणली आणि पहिल्या पानावर रकाने आखायला घेतले.